काळी कोर, मऊ पोट: पोटात मोकळी हवा असूनही न उघडलेल्या एका पोटाची हकिकत

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांची बाई. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तपासण्यांचे आकडे तसेच ठेवले आहेत. गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं, कोरडवाहू. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणापासून जीपने दीड तास. वीस-बावीस हंगाम तिने नवऱ्यासोबत ऊसतोडीचा कोयता केला. आता गुडघे आणि छाती दोन्ही साथ देत नाहीत, म्हणून ती गावीच असते. मुलगा-सून कारखान्यावर गेली की दोन नातवंडं आणि एक म्हैस तिच्या अंगावर. आम्ही तिला मावशी म्हणत होतो, इथेही तेच म्हणतो.

मधुमेह आठेक वर्षांचा. ज्याला गावात ‘दमा’ म्हणतात तो खरं तर चुलीच्या धुराने झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-तंबाखू कधीच नाही. गुडघ्यांसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. वयाच्या एकतिसाव्या वर्षी ‘पिशवी काढलेली’, बेंबीखाली उभा व्रण.

या पिशवीबद्दल जरा थांबून सांगतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने चौकशी समितीही नेमली. आमच्या भागात पोट तपासायला घेतलं की हा व्रण इतक्या वेळा दिसतो की नजर त्याच्यावरून पुढे सरकते. या प्रकरणात तसं करून चालणार नव्हतं. एक तर जुन्या व्रणाखाली आतडी चिकटलेली असतात, पोट उघडताना तीच आधी फाटायची भीती. दुसरं म्हणजे गर्भाशय काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला बारीक भोक राहिलं किंवा पुढे पडलं, तर तिथूनही पोटात हवा शिरू शकते. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, म्हणून बहुतेक वेळा तो विचारलाच जात नाही.

जानेवारीत चार दिवस खोकला आणि धाप वाढली म्हणून मावशी तालुक्याला गेली. तिथे छातीचा एक्स-रे काढला. छातीत विशेष काही नव्हतं, पण दोन्ही बाजूंना डायाफ्रॅमखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, काळी कोर होती, उजवीकडे बोटभर जाड. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘आतड्याला छिद्र, तातडीची शस्त्रक्रिया’ अशी चिठ्ठी दिली आणि १०८ बोलावली. त्यांचं काही चुकलं नाही. पोटात मोकळी हवा दिसते तेव्हा दहापैकी साधारण नऊ वेळा जठर किंवा आतडं कुठेतरी फुटलेलं असतं. त्यात जठराला जखम करू शकणारं डायक्लोफिनॅक घेणारी रुग्ण. त्यांच्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

अडचण

संध्याकाळी पावणेसातला मावशी आमच्या दारात उतरली, आणि पहिली विसंगती तिथेच दिसली. स्ट्रेचर आणला तर म्हणाली, “चालत येते की.” जठर फुटलेला माणूस गाडीतून उतरताना गाडी हलली तरी कळवळतो. ही दाराला धरून उतरली आणि धाप लागली म्हणून पायरीवर टेकली.

नाडी ९२, रक्तदाब १३६/८४, ताप नाही, श्वास मिनिटाला २४, साध्या हवेत ऑक्सिजन ९० टक्के, साखर २१२. पोट चांगलंच फुगलेलं. उजव्या बरगडीखाली जिथे यकृतामुळे ठोकल्यावर ठस्स आवाज यायला हवा, तिथे ढोलासारखा आवाज. म्हणजे हवा खरीच होती. पण हात ठेवला तर पोट मऊ. दाबल्यावर दुखत नाही, हात पटकन उचलल्यावर दचकत नाही, आतड्यांची गुडगुड व्यवस्थित ऐकू येते.

“मावशी, पोट कधीपासून दुखतंय?”

“दुखत न्हाई डॉक्टर. फुगतंय. दोन-तीन महिनं झाले, लई वारा धरतोय. खोकल्याचं औषध द्या, आन् जरा चहा.”

रक्तात पांढऱ्या पेशी ९,८००. लॅक्टेट, जे आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की चढतं, १.४ मिलीमोल, म्हणजे २ च्या आत. क्रिएटिनिन १.१. अमायलेज ठीक. एक्स-रे पुन्हा काढला, दहा मिनिटं सरळ बसवून. नीट काढला तर उभ्या एक्स-रेत एक-दोन मिलिलिटर हवाही दिसू शकते. इथे तर शेकड्यांनी असावी. मोठं आतडं यकृत आणि डायाफ्रॅमच्या मध्ये घुसलं की हुबेहूब अशीच काळी कोर दिसते. चिलाइडिटी नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ती खूण त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण तिथे काळ्या भागात आतड्याच्या घड्या दिसतात. इथे एकही घडी नव्हती.

एक्स-रे म्हणत होता आत्ता उघडा. बाई म्हणत होती चहा द्या.

अशा वेळी बाईवर विश्वास ठेवायचा, असं सांगायला सोपं आहे. दोन वर्षांपूर्वी संधिवातासाठी स्टेरॉइड घेणारे एक गृहस्थ माझ्याकडे असेच मऊ पोट घेऊन आले होते. स्टेरॉइडने पोटाची ओरड दबते. चौदा तास मी मऊ पोटावर भिस्त ठेवली आणि उघडलं तेव्हा आत पू भरला होता. ते वाचले नाहीत. मावशीच्या पोटावर हात ठेवला तेव्हा ते पोट मला आठवत होतं.

सीटी आणि पिशवीतल्या गोळ्या

साडेआठला सीटी झाला, शिरेतून औषध देऊन आणि पाण्यात विरघळणारा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सीटीत उठून दिसणारं औषध, पाजून. रात्री आमच्याकडचे स्कॅन बाहेरगावच्या रेडिओलॉजिस्टकडे वाचायला जातात. साडेनऊला अहवाल आला: भरपूर मोकळी हवा, छिद्राची जागा सापडत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा.

अहवालात जे नव्हतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पोटात पाणी नव्हतं. चरबी सुजलेली नव्हती. पाजलेला कॉन्ट्रास्ट कुठेही आतड्याबाहेर आलेला नव्हता. आतड्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या आणि यकृताच्या शिरांमध्ये हवा नव्हती. एवढी हवा बाहेर पडेल असं भोक असेल तर त्यातून हवेसोबत दुसरं काहीच कसं आलं नाही?

मी रेडिओलॉजिस्टना फोन केला आणि तीच चित्रं फुप्फुसाच्या विंडोमध्ये, म्हणजे फुप्फुसं बघायला वापरतात त्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या सेटिंगमध्ये, पुन्हा बघायची विनंती केली. पोटाच्या नेहमीच्या विंडोमध्ये चरबी आणि हवा दोन्ही काळपट दिसतात, बारीक बुडबुडे त्यात बुडून जातात. फुप्फुसाच्या विंडोमध्ये चरबी राखाडी होते आणि हवा तेवढी काळी उरते. दोघंही फोन कानाला लावून एकेक चित्र सरकवत होतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात, भिंतीच्या आत, द्राक्षाच्या घडासारखे बुडबुडे दिसले. पलीकडून आवाज आला, “अरेच्चा.”

याचं नाव न्यूमॅटोसिस सिस्टॉइडीस इंटेस्टिनॅलिस. आतड्याच्या भिंतीत हवेच्या पुटकुळ्या होतात. बाहेरच्या आवरणाखालची पुटकुळी फुटली की तिच्यातली हवा पोटात येते, पण आतड्याचा आतला थर शाबूत असतो, म्हणून मळ किंवा रस बाहेर येत नाही. फुगा फुटतो, नळी नाही. मात्र हेच बुडबुडे आतड्याचा रक्तपुरवठा तुटून भिंत मरायला लागली तरीही दिसतात, आणि मग ते जीवघेणं असतं. दोन्हींत फरक करायचा तो लॅक्टेट, रक्तवाहिन्या आणि रुग्णाची एकूण तब्येत बघून.

पण या पुटकुळ्या हिला झाल्या कशा? तालुक्याच्या चिठ्ठीत ‘मधुमेह: गोळ्या चालू’ एवढंच होतं. सोबत आलेल्या दिराला गोळ्यांची नावं माहीत नव्हती. गोळ्यांची पिशवी घरी, आणि घरी अकरा वर्षांची नात. तिला फोन लावला. पोरीने पिशवी बाजेवर रिकामी केली, प्रत्येक पाकीट उलटं-सुलटं ठेवून फोटो काढले आणि व्हॉट्सअपवर पाठवले. दहा वाजून वीस मिनिटांनी चौदा फोटो आले, त्यातले दोन मांजराचे.

तीन गोष्टी सापडल्या. डायक्लोफिनॅक, जे अपेक्षितच होतं. खोकल्याच्या पुडीत डेक्सामेथासोनचं कापलेलं पाकीट, म्हणजे स्टेरॉइड, ज्याची मला धास्ती होती. आणि मधुमेहाची तीन औषधं एकत्र असलेली गोळी: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज. ती दहा महिन्यांपासून चालू होती.

व्होग्लिबोज आतड्यात पिष्टमय पदार्थ पचू देत नाही, म्हणून जेवणानंतरची साखर चढत नाही. न पचलेलं पीठ पुढे सरकतं, जंतू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. बहुतेकांचं पोट नुसतं गुडगुडतं. थोड्यांच्या बाबतीत तो वायू भिंतीत शिरतो. या गटातल्या औषधांसोबत अशा पुटकुळ्या आढळल्याच्या नोंदी आहेत, सीओपीडी आणि स्टेरॉइडसोबतही आहेत. मावशीकडे तिन्ही होतं.

योनीमार्गाचा प्रश्न आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी एकांतात विचारला आणि तपासणी केली. तिथे काही नव्हतं.

कोणकोणते रस्ते होते

पोट उघडणं हा सगळ्यात रुळलेला रस्ता. नातेवाईकांची तयारी, तालुक्याची चिठ्ठी, अहवालातलं वाक्य, सगळं त्या बाजूला. उघडून काही निघालं नसतं तरी मला कोणी बोल लावला नसता. पण भूलतज्ज्ञांनी छाती ऐकली आणि सरळ सांगितलं, “ही टेबलावरून व्हेंटिलेटरवर जाईल, आणि तिथून उतरवणं अवघड आहे.” शिवाय जुन्या व्रणाखाली चिकटलेली आतडी, मधुमेह, स्टेरॉइड. जखम धरायला यातलं काहीच पोषक नाही.

दुर्बीण घालून बघणं वरवर मधला रस्ता वाटतो. पण भूल तीच, आणि पोटात वायू भरावा लागतो. सीओपीडीत तो कार्बन डायऑक्साइड रक्तात साठतो. बारीक पुटकुळ्या दुर्बिणीतून बघून सीटीपेक्षा जास्त काय कळणार होतं, याचं उत्तर मला देता आलं नाही.

छत्रपती संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पाठवणं शक्य होतं. रस्ता चार तासांचा, आणि नेमक्या त्या चार तासांत पोटावर हात ठेवणारं कोणी नसणार. इथे थिएटर आणि भूलतज्ज्ञ हाताशी होते, म्हणून ते बाजूला ठेवलं. ते नसते तर लगेच पाठवलं असतं.

उरला चौथा रस्ता: न उघडता राखण करायची.

ठरलं काय

पावणेअकराला ठरलं. आधी थिएटर तयार ठेवलं आणि रक्ताच्या दोन पिशव्या जुळवून घेतल्या. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की यातलं एकही दिसलं तर तासाभरात पोट उघडायचं: नाडी ११० च्या वर, ताप १०१ च्या वर, पोट दाबल्यावर कडक किंवा दुखरं, लॅक्टेट २ च्या वर, रक्तदाब उतरणं. कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला.

तोंडाने काही नाही, सलाईन, साखरेसाठी इन्शुलिन. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल ही दोन अँटिबायोटिक. मेट्रोनिडॅझोल वायू करणाऱ्या जंतूंवरही चालतं. स्टेरॉइड एकदम तोडता येत नव्हतं, म्हणून हायड्रोकॉर्टिझोन शिरेतून. पॅरासिटामॉलचं इंजेक्शन द्यायचं नाही, असं सिस्टरना दोनदा बजावलं. आमच्याकडे ते हातासरशी दिलं जातं आणि त्याने ताप झाकला जातो.

ऑक्सिजनचा पेच वेगळाच होता. या पुटकुळ्यांवर जास्त प्रमाणात ऑक्सिजन देतात, त्याने त्यांच्यातला नायट्रोजन रक्तात ओढला जातो आणि त्या आकसतात. पण सीओपीडीच्या रुग्णाला भरमसाठ ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून ती गुंगीत जाऊ शकते. आम्ही ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवला. पुटकुळ्यांना वेळ लागला तर लागो.

नातेवाईकांशी बोलताना मी चूक केली. “आपण रात्रभर बघू,” असं म्हणालो. दीर उसळले.

“डॉक्टरसाब, तिकडं म्हणले आतडं फाटलंय, लगीच कापावं लागतंय. आन् तुमी नुस्तं बघायलाव?”

त्यांचं बरोबर होतं. ‘बघू’ म्हणजे आपल्याकडे टाळणं. मग त्यांना खाटेजवळ नेलं, कागद वाचून दाखवला, दर दोन तासांनी मीच येऊन पोट तपासणार हे सांगितलं. मुलाला कारखान्यावर फोन लावला. तो फडातून नुकताच कोपीवर आला होता. सगळं ऐकून त्याने विचारलं, “माय बोलते का?” मावशीने फोन घेतला आणि आधी म्हशीचं विचारलं. मग तो म्हणाला, “करा डॉक्टर, तुम्हाला पटतंय तसं.” संमतीपत्रावर छापील मजकुराखाली हाताने लिहिलं की आत्ता शस्त्रक्रिया करत नाही आहोत, आणि कोणत्या कारणाने करू. दिरांनी सही केली.

तीन वाजून दहा मिनिटं

अकरा, एक, दोन्ही वेळा पोट मऊ. तीन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरचा फोन आला: नाडी ११८.

कागदावरची रेघ ओलांडली होती. मी जिने उतरताना भूलतज्ज्ञांना उठवलं, थिएटरचे दिवे लावायला सांगितलं. ते गृहस्थ पुन्हा डोळ्यांसमोर आले. खाटेशी गेलो तर मावशी उठून बसलेली, हात थरथरताहेत, पण पोट तसंच मऊ. ताप नाही, रक्तदाब १४०. मी दोनदा दाबलं, खोकायला लावलं. “दुखत न्हाई म्हणलं ना,” ती वैतागून म्हणाली.

मग खाटेखाली नेब्युलायझरचा मास्क दिसला, अजून ओला. पावणेतीनला धाप वाढली म्हणून साल्ब्युटामॉलची वाफ दिली होती. साल्ब्युटामॉलने नाडी वाढते, हात कापतात. ही वाफ वेगळ्या कागदावर लिहिलेली, नाडी वेगळ्या.

इथे दोन वाटा होत्या. नियम म्हणजे नियम, असं म्हणून उघडायचं. किंवा कारण सापडलं असं म्हणून परत झोपायला जायचं. मी दोन्ही केलं नाही. लॅक्टेट पुन्हा पाठवलं, थिएटरचे दिवे चालूच ठेवले आणि स्टूल ओढून बसलो. वीस मिनिटांनी नाडी १०८, चाळीस मिनिटांनी ९६. लॅक्टेट १.३. चार वाजता भूलतज्ज्ञांनी चहा मागवला. मावशीने त्या कपाकडे ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं.

पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी ८,९००. छत्तीस तासांनी पाणी, मग चहा, तिसऱ्या दिवशी मऊ भात आणि ताकाचं पाणी. भाकरीसाठी ती रोज भांडत होती, ती सहाव्या दिवशी दिली. त्याच दिवशी घरी सोडलं.

सोडताना काढलेल्या एक्स-रेत काळी कोर होतीच, थोडी बारीक झालेली. दीर पुन्हा अस्वस्थ. त्यांना सांगितलं की ही हवा हळूहळू रक्तात शोषली जाईल, त्याला आठवडे लागतील. पोट दुखलं, ताप आला किंवा उलट्या झाल्या तर थांबायचं नाही. तीन आठवड्यांनी कोर निम्मी झाली, आठ आठवड्यांच्या सीटीत मोकळी हवा नव्हती आणि पुटकुळ्या तुरळक उरल्या होत्या.

पाचव्या महिन्यात मावशी पुन्हा आली, पोट फुगलेलं. एक्स-रेत नखाएवढी कोर. पिशवी या वेळी सोबत होती. आम्ही लिहून दिलेली दोन औषधांची गोळी दुकानात संपली होती, म्हणून दुकानदाराने त्याच कंपनीची ‘तशीच’ गोळी दिली होती. नाव तेच, शेवटी फक्त ‘व्ही’ हे एक अक्षर जास्त. ते व्होग्लिबोजचं. गोळी बंद केली, दोन दिवस ठेवून घेतलं, तेवढ्याने भागलं.

आज पुन्हा असा रुग्ण आला तर

गोळ्यांची पिशवी पहिल्या तासात मागवेन. ती साडेतीन तासांनी आली, आणि आली ती नातीच्या कृपेने. पोटात हवा दिसली की फुप्फुसाच्या विंडोमध्येही बघा, हे आता सीटीच्या मागणीवरच लिहितो. वाफेची वेळ आणि नाडी एकाच तक्त्यावर.

अँटिबायोटिक मी पाच दिवस चालू ठेवलं. दोन दिवसांनी थांबवता आलं असतं. पुढचे तीन दिवस ते माझ्या भीतीसाठी होतं.

लॅक्टेट आणि सीटी हाताशी नसते, तर मी ते पोट उघडलं असतं. आतून काही न निघता आम्ही ते शिवलं असतं, आणि मला ती चूकही वाटली नसती. मग ही साधनं नसतील तिथे काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. भूलतज्ज्ञ म्हणतात, थिएटरचे दिवे लावून स्टुलावर बसता येत नसेल तर उघडलेलंच बरं. त्यांच्याशी माझा वाद होत नाही.

मावशीच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता मराठीत लिहिलंय: ‘हिच्या एक्स-रेत पोटात हवा दिसू शकते. आधी पोटावर हात ठेवा. व्होग्लिबोज देऊ नये, कोणत्याही नावाखाली.’ त्याची एक प्रत गोळ्यांच्या पिशवीत आहे, आणि नातीच्या फोनमध्ये तिचा फोटो.